बापूस गेलो तरी झील इलो नाय

आज वाडीत साखरपुडा होता. पंगतीत नात्यातले एक काका माझ्याकडे न बघता, पण मला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बापूस गेलो तरी झील इलो नाय. डॉलर सुटणत नाय रे!" म्हणजे बाप गेला तरी मुलगा आला नाही, डॉलर सोडवत नाहीत. टोमणा माझ्या अमेरिकेतल्या दादाला होता. दोघं-तिघं हसले. कार्य दुसऱ्याचं होतं म्हणून गप्प राहिले. घरी आल्यापासून डोकं तडतडतंय.

एकदाच सांगते. दादा 2013 ला एच-वन-बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, अमेरिकेत गेला, वहिनी आणि दोन वर्षांची पोर घेऊन. कंपनीने ग्रीन कार्डसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी, 2016 ला त्याचा नंबर लावला. छाननी झाली, कंपनीचा अर्ज मंजूर झाला. मंजूर! तरी कार्ड नाही, कारण पुढे रांग. तिकडचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते त्यात असतं. 2025 संपत आलं तरी दादासारख्या भारतीयांची रांग 2013 सालात नंबर लावलेल्यांपाशीच होती. मधूनच ती तारीख मागेही जाते.

का? तर 1990 चा कायदा. नोकरीवरची कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, त्यात बायकामुलंही मोजायची, आणि एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. देश कुठला, तर जन्म झाला तो. नागरिकत्व कुठलंही घ्या, जन्मगाव बदलत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या भारताला आणि चिमुकल्या भूतानला माप एकच. हुशारी, कष्ट, भरलेला टॅक्स, सगळं गेलं खड्ड्यात. तू देवगडात जन्मलास ना, मग थांब.

आणि बाबा गेले तेव्हा दादाच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. तिथे राहून नोकरी करायला तो लागत नाही. पण एकदा बाहेर पडलात की परत शिरायला लागतो, आणि तो मुंबईच्या वकिलातीतून घ्यायचा, त्यांची तारीख मिळेल तेव्हा. तोवर नोकरी थांबत नाही, घराचे हप्ते थांबत नाहीत, पोरीची शाळा थांबत नाही. नोकरी गेली तर तिथे राहणंही धोक्यात. श्रावणातला पाऊस कोसळत होता. चुलतभावाने अग्नी दिला आणि मी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धरून उभी होते, दादाला दिसावं म्हणून. स्मशानाकडे रेंज जेमतेम. चित्र अडकायचं, आवाज यायचा. "बाबांचो चेहरो दाखव गो," एवढंच तो परत परत म्हणत होता. पिशवीवर पाणी साचायचं, मी पदराने पुसायचे. डॉलर मोजणारा माणूस असा रडत नाही, काका.

हो, त्याला कोणी हाताला धरून तिकडे नेलं नव्हतं. पगार चांगला आहे. देश त्यांचा, कायदा त्यांचा, तेही मान्य. पण मग वर्षानुवर्षं काम करून घेऊ नका ना! 2019 ला त्यांच्याच प्रतिनिधीगृहाने ही देशवार मर्यादा काढायचं विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केलं. 2020 च्या डिसेंबरात त्यांच्या दुसऱ्या सभागृहाने, सिनेटने, आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ काही बसला नाही, विषय तिथेच मेला. आता पोर चौदा वर्षांची झालीय. एकविशी ओलांडली की मूल आईबापाच्या अर्जातून बाहेर पडतं. वयातून थोडे दिवस वजा धरतात, पण 2013 वर अडकलेल्या रांगेपुढे ते किती पुरणार? जिला देवगड फक्त सुट्टीपुरतं ठाऊक, तिने मग जायचं कुठे?

त्या काकांचा राग लिहिता लिहिता थोडा उतरलाय. ते स्वतः मुंबईत गिरणीत होते. त्यांची आई गेली तेव्हा तार उशिरा मिळाली, गावी पोचले तर सगळं उरकलेलं. बाबाच सांगायचे. त्या वेळी वाडीत कोणी म्हटलं नव्हतं की झिलाला पगार सुटत नाही. आपल्याकडे घराघरातला माणूस पोटासाठी बाहेर गेलाय, आधी मुंबई, मग आखात. तो वेळेवर पोचला नाही म्हणून आपण त्याला कधी शिव्या दिल्या नाहीत. चाकरमान्याला एक न्याय आणि माझ्या भावाला दुसरा का? पंगतीत जेवता जेवता त्याच्या बापाचं मरण चघळायचं?

आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. दादा रोज विचारतो, येऊ का? शिक्का अजून झालेला नाही. आईला तो समोर हवाय, ती बोलत नाही पण मला कळतं. आणि तरी मलाच त्याला सांगावं लागतंय की नको येऊस, मी आहे. सख्ख्या भावाला घरी येऊ नको सांगायची पाळी माझ्यावर आणली ती त्या रांगेने, त्याने नव्हे. काकांना उद्या सकाळी घरी जाऊन हे तोंडावर सांगणार आहे.