नट व्हायचंय? आधी मस्टरवर सही करा

तुम्हाला नट व्हायचंय हे एव्हाना घरी कळलं असेलच. एवढे केस वाढवल्यावर न कळून सांगतात कुणाला! आता वडील म्हणतील, "आधी एखादी सरकारी नोकरी बघ, मग कर काय ती थेरं." तुम्ही रुसाल, दोन दिवस जेवणार नाही. असं करू नका. वडिलांचं बरोबर आहे. पुरावा म्हणून डब्लिनच्या विल्यम जोसेफ शील्ड्स या कारकुनाकडे बघा.

जन्म १८८८ चा. विशीत सरकारी कचेरीत चिकटला तो चिकटलाच. बेरोजगारांच्या विम्याचं खातं, त्यामुळे कामाला मरण नाही. दिवसभर फायली आणि संध्याकाळी डब्लिनच्याच ॲबी थिएटरात नाटक. सरकारी नोकराने दुसरा उद्योग करायचा नाही, हा नियम तिथेही होताच. म्हणून त्याने रंगभूमीपुरतं नाव घेतलं, बॅरी फिट्झजेराल्ड. उद्या साहेबच पहिल्या रांगेत येऊन बसले, तर निदान कागदोपत्री 'तो मी नाही' म्हणायची सोय. तुम्हीही आजच एक टोपणनाव शोधून ठेवा. अभिनयाचं नंतर बघू.

पहिलं पाऊल म्हणजे एका वाक्याची भूमिका आणि त्या एका वाक्याची माती. हे जमलंच पाहिजे. शेरिडनच्या जुन्या प्रहसनात त्याला म्हणायचं होतं, 'टिज मीट इट शुड', म्हणजे 'तसं होणं योग्यच.' तोंडातून निघालं, 'टिज शीट इट मूल्ड.' प्रेक्षक खो खो हसले. चार शब्दांत एवढा हशा वसूल करायला लोक आयुष्यं घालवतात आणि याला तो नुसता घाबरल्यामुळे मिळाला. तेव्हा पाठांतर फार पक्कं करू नका.

धाकट्या भावाची चाल मात्र अजिबात गिरवू नका. आर्थर शील्ड्सही ॲबीचाच नट, पण ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात तो बंदूक घेऊन उतरला आणि वेल्समधल्या फ्रॉन्गॉकच्या छावणीत कैदी म्हणून जाऊन पडला. भाऊ ज्या सरकारशी लढत होता त्याच सरकारचा पगार थोरला घेत होता. पुढे राज्यकर्ते बदलले, कचेरीवरचा झेंडा बदलला, पण विल्यमरावांची नोकरी शाबूत. याला म्हणतात बैठक.

आता लेखक कसा मिळवावा. सोपं आहे, शॉन ओकेसी जिथे राहतो त्या गावात जन्माला यायचं. १९२४ मध्ये त्याचं 'जूनो अँड द पेकॉक' हे नाटक आलं. त्यात आपल्या कारकुनाने केलेला कॅप्टन बॉइल म्हणजे एक बेणं आहे. स्वतःला कॅप्टन म्हणवतो, पण त्याचा सागरप्रवास कोळशाच्या बोटीतून लिव्हरपूलपर्यंतचा. कुणी कामाचं नाव काढलं की पाय दुखायला लागतात. दिवसा कामाविना बसलेल्यांच्या विम्याचे कागद आणि रात्री रंगमंचावर काम टाळणारा इसम! भूमिकेच्या अभ्यासासाठी सरकार दरमहा पगार देतंय, अशी अभिनयाची शाळा तुम्हाला कुठे मिळेल? आणि नाटक असं चाललं की ॲबीला आठवड्यात पाटी बदलायचा आपला रिवाज मोडावा लागला. पुढच्याच वर्षी सरकारने ॲबीला ८५० पौंडांचं अनुदान सुरू केलं. म्हणजे हा गडी दोन्ही वेळा सरकारी पैशावर, सकाळी उघड आणि संध्याकाळी टोपणनावाने.

शिवाय थोडी मारामारी येत असावी. फेब्रुवारी १९२६, ओकेसीचंच 'द प्लाउ अँड द स्टार्स'. उठावातल्या शहिदांचा झेंडा गुत्त्यात आणला, वर वेश्येचं पात्र घातलं, म्हणून चौथ्या रात्री प्रेक्षक थेट रंगमंचावर चढले. हा बुटका कारकून तिथे फ्लूथर गुड या सुताराच्या भूमिकेत उभा. त्याने चढून आलेल्या एकाला असा गुद्दा हाणला की स्वारी परत प्रेक्षागृहात. ॲबीचे एक संस्थापक, कवी येट्स, तेव्हा नोबेल मिळवून बसलेले. त्यांनी पुढे येऊन प्रेक्षकांना खडसावलं, पण गोंधळात ऐकू कुणाला येणार? म्हातारा पक्का होता, भाषणाची प्रत त्याने आधीच वर्तमानपत्राकडे पोचती केली होती. नाटक बंद पाडायला काही बंदूकधारी फिट्झजेराल्डला उचलून न्यायलाही निघाले होते, पण तो त्यांना सापडला नाही. तुमच्या बाबतीत अजून कुणी अपहरणाचा विचारसुद्धा केला नसेल, तर तुमच्या कामात काहीतरी कमी आहे, हे मान्य करा.

हे सगळं सांभाळून राजीनामा द्यायचा तो एक्केचाळिसाव्या वर्षी. १९२९ मध्ये त्याने दिला. ओकेसीचं 'द सिल्व्हर टॅसी' येट्सने ॲबीसाठी नाकारलं होतं, ते लंडनला अपोलो थिएटरात लागलं आणि हा त्यात उतरला. मुहूर्त ऑक्टोबरचा, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला तोच महिना. कायमची नोकरी सोडायला याहून शुभ घटका पंचांगात शोधून सापडणार नाही.

आणि मग सिनेमा. १९३० मध्ये हिचकॉकने 'जूनो'वर बोलपट काढला. बॉइल कोण करणार, हा काय प्रश्न झाला? एडवर्ड चॅपमन नावाच्या इंग्रजाने केला. फिट्झजेराल्डला सुरुवातीला भाषण ठोकणाऱ्या वक्त्याचं काम मिळालं. आपणच उभ्या केलेल्या भूमिकेत दुसऱ्याला बघत कोपऱ्यात बसणं, हेही शिक्षणच, आणि त्याला फीसुद्धा पडत नाही.

हॉलिवूडचं बोलावणं १९३६ चं. दिग्दर्शक जॉन फोर्डने 'द प्लाउ'च्या सिनेमासाठी ॲबीची माणसं नेली, त्यात हाही गेला. वय अठ्ठेचाळीस. पुढे १९४४ च्या सिनेमात या प्रॉटेस्टंट घरातल्या माणसाने कॅथलिक पाद्री केला. त्या एकाच भूमिकेला मुख्य आणि सहाय्यक अशी दोन्ही नामांकनं मिळाली. ऑस्कर सहाय्यकचं आलं, तेही युद्धामुळे प्लास्टरचं, आणि गोल्फच्या काठीने त्याचं मुंडकं त्याने स्वतःच उडवलं. पण तो फार पुढचा पाठ. तुम्ही अजून पहिल्या यत्तेत आहात, घड्याळात दहाला पाच कमी आहेत आणि मस्टर दहाला साहेबांच्या टेबलावर जातं.