हूइज मारलं म्हणून कुणालाही तुमची सगळी चॅनेलं दिसत नाहीत

"सावधान भो! आयआरसीवर कुणीही हूइज मारलं की तुमची सगळी चॅनेलं दिसतात, खासगीसुद्धा. मोबाईल नंबरही जातो. दर तासाला निकनेम बदला." स्क्रीनशॉटसकट हा मजकूर जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. भुसावळला भाचीकडे तो पोचला आणि जिथे ती रोज प्रोग्रामिंगच्या शंका विचारायची ते चॅनेलच तिने सोडलं. आता पुरे.

आयआरसी म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी यंत्रणा, चॅनेल म्हणजे तिथली गप्पांची खोली, आणि हूइज म्हणजे एखाद्या निकनेमची माहिती सर्व्हरला विचारायची आज्ञा. आधी स्क्रीनशॉट नीट बघा. विचारणाऱ्याचं निकनेम आणि ज्याच्याबद्दल विचारलं त्याचं निकनेम एकच आहे. पाठवणाऱ्याने स्वतःवरच हूइज मारलंय! स्वतःची यादी पूर्ण दिसणारच. विचारणारा कोण हे बघून सर्व्हर एकेक चॅनेल दाखवतो किंवा गाळतो. ही यादी ३१९ क्रमांकाच्या उत्तरात येते. चॅनेलच्या नावाआधी ॲट (@) असेल तर तो माणूस तिथला ऑपरेटर, म्हणजे चॅनेल सांभाळणारा; अधिक (+) असेल तर त्याला व्हॉइस, म्हणजे बोलायची खास परवानगी.

खासगी चॅनेलांचं तर लेखी ठरलेलं आहे. एप्रिल २००० च्या आरएफसी २८११ या आयआरसीच्या नियमांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय: पी (खासगी) किंवा एस (गुप्त) मोड, म्हणजे सेटिंग, लावलेलं चॅनेल बाहेरच्या माणसाला हूइजच्या उत्तरात दाखवायचं नाही. विचारणारा त्या चॅनेलात असेल तरच त्याला दिसेल.

स्क्रीनशॉटमध्ये यादी दोन ओळींत आली म्हणून कुणी म्हणतं, "दुसरी ओळ गुप्त यादीची". तसं काही नाही. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांत बसावा लागतो. यादी लांबली की ३१९ ची आणखी एक ओळ येते, एवढंच.

मोबाईल नंबर तर आयआरसीचा प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीचे नियम, मागतच नाही. पण 'रिअल नेम'च्या रकान्यात पूर्ण नाव, कॉलेज, रोल नंबर भरलात तर ते हूइजच्या उत्तरातल्या ३११ च्या ओळीत सगळ्यांना दिसतं. तो रकाना आजच बदला.

सगळ्यात घातक सल्ला निकनेम बदलण्याचा. निकनेम बदललं की तुम्ही असलेल्या प्रत्येक चॅनेलात "अमुक आता तमुक" अशी ओळ उमटते. म्हणजे लपायचं म्हणून दर तासाला दवंडी पिटायची! वर चॅनेलांची यादी जशीच्या तशी, कारण ती जोडणीला चिकटलेली असते, नावाला नाही. नोंदवलेलं निकनेम सोडलं तर तेवढ्या वेळात दुसरा कुणी ते घेऊन बसू शकतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. चॅनेल उघडं असेल आणि तुमच्यावर आय (अदृश्य) मोड नसेल, तर अनोळखी माणसालाही ते दिसतं. लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर आय मोड मुळातच लागलेला असतो. इतर नेटवर्कांवर जोडणी झाल्यावर मोडची आज्ञा, आपलं निकनेम आणि अधिक आय (/mode निकनेम +i) असं स्वतः द्यावं लागतं, आणि त्याने हूइजमधली चॅनेलं झाकतात की नाही हे त्या सर्व्हरवर अवलंबून. नेटवर्क चालवणाऱ्यांना जास्त दिसू शकतं, तेही खरं.

फॉरवर्ड करण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. नेहमीची जोडणी चालू ठेवा. ब्राउझरमधून वेगळ्या निकनेमने दुसरी जोडणी करा, एकाही चॅनेलात जाऊ नका, आणि पहिल्या निकनेमवर हूइज मारा. लिबेरावर ३१९ ची ओळच येणार नाही. मग दोघांचं एक चॅनेल सामाईक करून पुन्हा मारा: तेवढं एकच दिसेल.