शेजारधर्मी वायफाय

फायबरवाला पोरगा भिंतीला डबी ठोकून ‘काका, थई गयुं’ म्हणून निघाला की तुमचं काम संपलं. आता राउटरला हात लावायचा नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा त्याचा पत्ता टाकून आत शिरायचा मोह झाला तरी आवरा. आतला लॉगिन ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’, असं जुळलेलं जोडपं मोडायचं पाप कशाला घेता? उद्या कोणी आत येऊन डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा वाटाड्या, बदलला आणि बँकेऐवजी भलतंच पान उघडलं, तर ब्राउझर बोंब मारेलच. तुम्ही नेहमीप्रमाणे ‘तरीही पुढे जा’ दाबा.

नेटवर्कचं नाव आडनाव आणि मजल्यासकट ठेवा, म्हणजे कोणाला जिने चढून चौकशी करावी लागणार नाही. पासवर्ड अर्थात मोबाइल नंबर. तुमचा फोन वायफायला जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती कोणीही टिपून घरी नेऊ शकतो आणि निवांत अंदाज लावत बसू शकतो. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. सेकंदाला १० लाख अंदाज तपासणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला तास-सव्वा तास पुरतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहून ठेवलेत तर बिचाऱ्याचा जन्म जाईल. इतकं निष्ठुर होऊ नये.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनवर जोडून देणारी सोय, चालूच असू द्या. त्याचा पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा आणि उरलेले सात दोन तुकड्यांत तपासले जातात. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न. ही गोष्ट २०११ पासून जगजाहीर आहे. तुम्हीच एकटे कशाला घाबरता?

सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस असलं पक्कं कुलूप दिसलं तर ओलांडून पुढे जा आणि टीकेआयपी हे जुनंपुराणं निवडा. कच्चं कुलूप तर मिळतंच, वर वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. त्याचा राग कंपनीवर काढता येतो.

आता जागा. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंतीतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडे जात नाही. म्हणून राउटर घराच्या मधोमध न ठेवता रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा. माजघरात एक दांडी, खाली शेवउसळीच्या लारीवर पाच.

२००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या वायफायवरून गेला आणि चौकशी त्या भल्या माणसाच्या दारात आली. पाहुणचार म्हटला की एवढं चालायचंच. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क काढणं तर शुद्ध भेदभाव. त्यांचे फोन, तुमचा कॅमेरा आणि हिशेबाचा लॅपटॉप एकाच पंगतीला बसू देत.

रात्री नऊला मालिका अडकली की राउटर बंद करून चालू करा. ‘जोडलेली उपकरणं’ या पानावर मात्र चुकूनही जाऊ नका. घरात माणसं चार, यादीत फोन एकोणीस, आणि त्यातला एक कांदा चिरतोय.