व्हिनेगरच्या फॉरवर्डमधली पाचव्या नंबरची ओळ आधी खोडा

"महागडे क्लीनर फेकून द्या, पांढऱ्या व्हिनेगरची एक बाटली पुरे" असा एक लांबलचक मेसेज सध्या गावभर फिरतोय. कपडे, ओटा, फरशी, टॉयलेट, तुंबलेलं सिंक, सगळ्यांवर एकच औषध. तो मावशीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, "ब्लीच आणि व्हिनेगर दोन्ही घरात आहे, किती किती घालू?" म्हणून हे लिहिणं आलं. मेसेजच्या क्रमाने जायचं तर खरी धोक्याची गोष्ट पाचव्या नंबरवर येते, आणि तोवर निम्मे लोक बादली भरायला गेलेले असतात. तेव्हा सुरुवात तिथूनच.

"पांढऱ्या कपड्यांसाठी अर्धा कप ब्लीच आणि अर्धा कप व्हिनेगर एकत्र करा, बादलीवर झाकण ठेवा. ब्लीचची ताकद दुप्पट होते."

नाही, नाही आणि नाही. बाजारातलं पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते मुद्दाम अल्कलीयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, ठेवलेलं असतं, कारण अल्कलीत ते शांत राहतं. व्हिनेगर हे आम्ल. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटू लागतो. ताकद वाढते हे अर्धसत्य आहे खरं: आम्ल पडल्यावर आधी हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि ते जास्त तिखट असतं. पण घरी मापाच्या कपाने तेवढ्यावरच थांबता येत नाही, आणि पुढची पायरी क्लोरीनची आहे.

आकडा मांडून बघा. ४ टक्क्यांच्या १०० मिली ब्लीचमध्ये ४ ग्रॅम हायपोक्लोराइट असतं. त्यातून जास्तीत जास्त सुमारे १.३ लिटर क्लोरीन निघू शकतो. चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे साधारण ५,४०० लिटर हवा. सगळा क्लोरीन सुटत नाही, पाण्यात मिश्रण पातळ असेल तर आणखी कमी सुटतो, हे मान्य. पण विसावा हिस्सा जरी सुटला तरी हवेत १२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे १२ भाग होतात. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या संस्थेने जिवाला तात्काळ धोका म्हणून क्लोरीनची जी पातळी ठरवली आहे ती १० पीपीएम. आणि लोक आधी पाण्यात कालवत नाहीत, मगमध्ये दोन्ही थेट ओततात, तोंड मगावर असतं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे तो खाली साठतो, म्हणजे पाटावर बसून कपडे घासणाऱ्या बाईच्या नाकाशी. झाकण ठेवलं तर आणखी वाईट: वायू आत कोंडतो आणि झाकण काढणाऱ्याच्या तोंडावर येतो.

२०१९च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टन गावी एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात आम्लाचा क्लीनर फरशीवर सांडला. नंतर दुसऱ्याने त्याच फरशीवर ब्लीचचा क्लीनर ओतला. फरशी हिरवी होऊन बुडबुडे आले. ते मिश्रण वायपरने बाहेर ढकलायला गेलेला मॅनेजर दगावला. तिथलं आम्ल व्हिनेगरपेक्षा कडक होतं, पण घडलं ते याच रासायनिक क्रियेमुळे.

हा धोका फक्त व्हिनेगरपुरता नाही. टॉयलेट साफ करायचे जे निळे-लाल द्रव मिळतात त्यांपैकी बऱ्याचशांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकणं हा आपल्याकडे अगदी नेहमीचा उद्योग आहे. लिंबाचा रसही आम्लच. कामाला येणाऱ्या ताईंना बाटल्या हातात देताना हे एकदा नीट सांगा. बाटलीमागचं बारीक इंग्रजी त्यांनी वाचावं ही अपेक्षा चुकीची आहे. चुकून मिसळलंच तर बादली उचलून ओतायला थांबू नका. आधी बाहेर पडा, दार-खिडक्या उघड्या टाका, खोकला किंवा छातीत जळजळ असेल तर १०८ लावा. आता बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढतो. पांढरे कपडे ब्लीच करायचेच तर नुसतं ब्लीच, थंड पाणी, बाटलीवरचं माप, मग दोन-तीनदा खळबळणं. व्हिनेगरचं तिथे काही काम नाही.

आता बाकीचे दावे.

"व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की स्फोटक क्लीनर तयार होतो." फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मळाचा नाही. एक चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सोडा साधारण ९० मिली व्हिनेगर पूर्ण मारून टाकतो. उरतं ते किंचित खारट पाणी, सोडियम ॲसिटेटचं. आम्ल गेलं, सोडाही गेला, म्हणजे दोन उपयोगी वस्तू खर्चून तिसरी निरुपयोगी केली. सिंकचा पाइप तुंबतो तो तेल, केस आणि खरकट्याने. त्याला बुडबुडे काय करणार? प्लंजर मारा, नाहीतर खालचा बॉटल ट्रॅप उघडून बादलीत रिकामा करा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि हे मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून झाकण लावू नका. त्या एका चमच्यातून जवळजवळ दीड लिटर वायू निघतो, अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो मावणार कुठे?

"९९.९ टक्के जंतू मरतात." हा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २००८ची निर्जंतुकीकरणाची मार्गदर्शिका मात्र नाव घेऊन सांगते: व्हिनेगर, खाण्याचा सोडा, बोरॅक्स असले घरगुती पर्याय निर्जंतुक करण्यासाठी वापरू नयेत, कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर ते परिणामकारक नाहीत. हा जंतू म्हणजे गळू, जखमेतला पू यांचा नेहमीचा धनी. काही जंतूंवर व्हिनेगर चालतं, पण घरात आजारी माणूस असताना चादरी "व्हिनेगरने निर्जंतुक" करून निर्धास्त होऊ नका. गरम पाणी, डिटर्जंट आणि कडक ऊन यांवर भिस्त ठेवा.

"ओटा आणि फरशी आरशासारखी चमकते." इथे माझा संयम पुन्हा सुटतो, कारण हे नुकसान भरून निघत नाही. आपल्या घरांत कडप्पा आहे, शहाबादी आहे, कोटा आहे, संगमरवर आहे. हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड, आणि व्हिनेगर कॅल्शियम कार्बोनेटच खातं. नळावरचा पांढरा थर ज्या कारणाने निघतो त्याच कारणाने फरशीचं पॉलिशही निघतं. जुन्या कडप्प्याच्या ओट्यावर, अर्धं लिंबू कापून उपडं ठेवायच्या जागी, एक फिकट गोल दिसतो. तो डाग नाही, दगडाची वरची पातळी तिथे खाल्ली गेली आहे. म्हणून तो घासून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. मोझॅकच्या लाद्यांत सिमेंट आणि संगमरवराची खडी असते, त्यांचंही तेच. व्हिट्रिफाइड टाइलला काही होत नाही, पण तिच्या सांध्यांतलं सिमेंटचं ग्राउट रोजच्या व्हिनेगरने भुसभुशीत होत जातं. दगड कोणता ते माहीत नसेल तर सिलिंडरमागच्या कोपऱ्यात एक थेंब टाका, मिनिटभर बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा मंद दिसली, तर बाटली बंद करा. ग्रॅनाइट सहसा तग धरतो, पण त्यालाही साबणाचं पाणी पुरतं.

"पहिल्या धुण्यात व्हिनेगर घातलं की रंग कायमचा पक्का." सुती कपड्यावरचे आजचे बहुतेक पक्के रंग रिॲक्टिव्ह जातीचे असतात आणि ते अल्कलीत बसतात, आम्लात नाही. रेशीम आणि लोकरीचे काही रंग आम्लात बसतात, पण ते रंगाऱ्याच्या गरम हौदात. तुमच्या बादलीत जो रंग सुटतोय तो सुटणारच, तो कपडा वेगळा धुवा. पैठणीला तर हे लावूच नका. हल्लीच्या पुष्कळ जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असतो. आम्ल आणि हवा मिळून तांबं हिरवट करतात.

"डिटर्जंटबरोबर एक कप घाला, धुलाई दुप्पट." उलट होतं. आपल्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्याच्या अल्कलीपणावरच तिचं काम चालतं. कपभर, म्हणजे २०० मिली व्हिनेगर सुमारे ७ ग्रॅम धुण्याचा सोडा फुकट घालवतं. साबणाच्या वडीचं पाणी असेल तर साबण फाटून चिकट पांढरे कण होतात आणि तेच कपड्यावर बसतात.

मात्र शेवटच्या पाण्यात घातलं तर उपयोग होतो, हे नाइलाजाने कबूल. बोअरच्या जड पाण्यात धुतलेले टॉवेल पापडासारखे होतात, कारण क्षार आणि डिटर्जंटचा अंश धाग्यात राहतो. सहा-सात किलोच्या लोडला ६० मिली, सॉफ्टनरच्या कप्प्यात. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर शेवटच्या खळबळीत पाण्यात मिसळून. त्या धुण्यात ब्लीच वापरलं असेल तर अजिबात नाही. रोज नको, महिन्यातून दोन-तीनदा पुरे, कारण काही जातीच्या रबरी गॅस्केटना आणि नळ्यांना आम्ल मानवत नाही. मशीनचं मॅन्युअल नको म्हणत असेल तर विषय संपला.

व्हिनेगरने वास जातो, हेही अर्धंच खरं. मासळीचा वास अमाइनचा, म्हणजे अल्कलीचा, म्हणून बांगड्याच्या डब्याला व्हिनेगर लागू पडतं. जिमच्या टी-शर्टचा घामट वास मुख्यतः आम्लांचा, त्यावर आणखी आम्ल ओतून काय होणार? तिथे कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, बादलीला दोन चमचे, अर्धा तास भिजवणं.

व्हिनेगर खरं कामाचं आहे ते क्षारांवर. नळ, शॉवर, इलेक्ट्रिक किटली. पण तिथेही लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड सरस: एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम घातलं की जवळजवळ व्हिनेगरएवढंच आम्ल मिळतं, आणि घरभर लोणच्याच्या कारखान्यासारखा वास सुटत नाही. किटलीत हे पाणी उकळून अर्धा तास ठेवा, ओता, मग साधं पाणी दोनदा उकळून टाकून द्या. नळाला याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून वीस-तीस मिनिटं, मग मऊ ब्रशने घासून भरपूर पाणी. क्रोमचा मुलामा उडालेला असेल तर खालचं पितळ उघडं पडतं आणि फडक्यावर हिरवट छटा उतरते. ती दिसली की त्या नळाला हे पुन्हा लावू नका.