मुलं कुपोषित कारण आयांना अक्कल नाही?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज गेले काही महिने फिरतोय. त्याचं सार असं: रेशन फुकट, अंगणवाडीचा खाऊ फुकट, वर लाडक्या बहिणींना महिन्याला दीड हजार. तरी झोपडपट्टीतली मुलं हडकुळी, कारण आयांना अक्कल नाही. पोरांच्या हातात चिप्सचं पाकीट देतात आणि आपण दिवसभर बाहेर. पूर्वीच्या बायका काही न मिळता आठ-आठ पोरं धडधाकट वाढवायच्या.

मी तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्यांत गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहाराचं काम करते. मेसेज वाचून संताप होतो, पण नुसत्या संतापाने कुणाचं मत बदलत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

रेशन फुकट आहे, हे खरं. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य मोफत मिळतं: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. पाच किलो म्हणजे दिवसाला माणशी साधारण १६५ ग्रॅम गहू-तांदूळ. त्यात डाळ नाही, तेल नाही, दूध-अंडं नाही. भुकेला त्याचा मोठा आधार आहे, पण दीड वर्षाच्या बाळाचं वजन नुसत्या भातावर वाढत नाही. शिवाय मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या कितीतरी घरांचं कार्ड अजून गावीच आहे, सासू-सासऱ्यांकडे. ते धान्य आता इथेही उचलता येतं, पण इथे उचललं की तिकडचं तेवढं कमी होतं.

अंगणवाडीचा खाऊ हा पूरक आहार आहे, पूर्ण जेवण नव्हे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी ६०० कॅलरी, असं त्याचं प्रमाण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ठरलं होतं. पाकीट घरी नेलं की ते एकाचं राहत नाही. चार पोरं भोवती बसलेली असताना कुठली आई म्हणेल, हे फक्त माझं? आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर आणि बाळंतीण बाईला एक वेळचं पूर्ण, गरम जेवण अंगणवाडीतच वाढायचं असतं. तिथे बसून जेवली की ते तिच्याच पोटात जातं. दिघ्याच्या गरोदर बाईला मात्र ही सोय नाही, कारण योजना आदिवासी क्षेत्रापुरती आहे.

आता अक्कल. दिघ्यातल्या एका खोलीत दुपारी गेले होते. बाईला सातवा महिना. नवऱ्याचा डबा सकाळीच गेलेला. शाळेतून आलेल्या मुलाला तिने अंडं वाढलं, मुलीला रस्सा-भात, धाकट्याला भात कालवून भरवला. शेवटी पातेलं चपातीने पुसून खाल्लं आणि वर कोरा चहा घेतला. फळीवर लोहाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. जेवणावर चहा घेतला की लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. सेविकेने सांगितलं होतं. मला म्हणाली, "ताई, गोळी घेतली की मळमळतं. मळमळलं की काम होत नाही, खाडा पडतो. आणि चहा नाही घेतला तर परत भूक लागते."

हिला आणखी काय शिकवायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. जिची गरज जास्त, ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. अशा आईचं बाळ कमी वजनाचं जन्मायचा धोका वाढतो. बाळाची आबाळ ते जन्मायच्या आधीच, त्या पुसलेल्या पातेल्यापासून सुरू झालेली असते. आणि अंडं मुलाला, रस्सा मुलीला, ही वाटणी आपल्या फ्लॅटांत होत नाही असं कुणी छातीठोक सांगू नये.

चिप्सबद्दलची तक्रार रास्त आहे, मीही रोज करते. पण पाकीट फोडतं कोण ते पाहा. आई पहाटे पाणी भरते, सातला निघते. कुणी नेरुळ-सीवूड्सला धुणीभांड्याला, कुणी बाजार समितीत कांदा-लसूण निवडायला. बाळ असतं दहा वर्षांच्या ताईकडे. बाळाचं पोट लहान, त्याला दिवसातून तीन-चारदा मऊ खाणं हवं. ताईला गॅस पेटवायची मनाई, पाच रुपयांचं पाकीट मात्र तिला फोडता येतं. त्यात तिची शाळाही बुडते. अंगणवाडी उघडी असते काही तास, आणि तिथे बसतात तीन वर्षांवरची मुलं. त्याच पाहणीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना किमान पुरेसा आहार मिळत होता. उरलेली ८९ टक्के बाळं काही फक्त झोपडपट्टीत राहत नाहीत.

मग बाईने घरी बसावं का? तिची मजुरी थांबली की आधी डाळ आणि अंडी थांबतात. दक्षिण आफ्रिकेत पेन्शनवरचा एक अभ्यास झाला आहे: आजीला पेन्शन मिळाली त्या घरांत नातींचं वजन-उंची सुधारली, आजोबांच्या पेन्शनने तसं झालं नाही. दीड हजारांची मदत म्हणूनच मोलाची आहे. पण हिशेब केला तर ती दिवसाला पन्नास रुपये होते, अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी, तीही भाडं आणि औषधं त्यातून गेली नाहीत तर.

पूर्वीच्या बायकांची आठ पोरं वाढली म्हणतात, ती जगलेली मोजून. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ वर्षाच्या आत दगावत. २०२० साली २८.

आमच्या वस्त्यांना दोन गोष्टी हव्यात: सकाळी सात ते संध्याकाळी पाच चालणारं पाळणाघर, आणि गरोदर बाईसाठी अंगणवाडीत गरम ताट. ते महापालिका आणि शासनाकडे मागतोच आहोत. तिसरी गोष्ट मेसेज पाठवणाऱ्यांच्या हातात आहे. प्रसूती रजेच्या कायद्यातले २६ आठवडे घरकाम करणाऱ्या बाईला मिळत नाहीत. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पाजा, असं आम्ही तिला सांगतो, आणि ती दीड-दोन महिन्यांत तुमच्या दारात उभी राहते, कारण काम दुसरीला जाईल ही भीती. तिला सहा महिने पगार चालू ठेवा आणि तिचं काम तिच्यासाठी राखून ठेवा. चार घरांनी आपापला पगार चालू ठेवला की तिची सगळी कमाई शाबूत राहते.