आयफेल टॉवरवरील ‘त्या’ छायाचित्राबाबत खुलासा

आयफेल टॉवरच्या कडेला लोखंडी तुळई धरून, फुललेला झगा वाऱ्यावर सोडून उभ्या असलेल्या तरुणीचे कृष्णधवल छायाचित्र सध्या ‘अर्विंग पेन यांनी टिपलेली आपली पत्नी’ अशा मजकुरासह फिरत आहे. पेन हे प्रसिद्ध अमेरिकी छायाचित्रकार; पण हा मजकूर चुकीचा आहे.

छायाचित्रातील मॉडेल लिसा फॉनसाग्रिव्ह्स या पुढे पेन यांच्या पत्नी झाल्या हे खरे. परंतु तो विवाह १९५० मधला, तर हे छायाचित्र फ्रेंच ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मे १९३९ च्या अंकातले असून ते छायाचित्रकार एर्विन ब्लूमेनफेल्ड यांनी टिपलेले आहे. झगा फ्रेंच वेशभूषाकार ल्युसियाँ लेलाँग यांचा. ब्लूमेनफेल्ड जोडचित्रे (वेगवेगळी चित्रे जोडून केलेली एकच प्रतिमा) करत, म्हणून हेही जोडचित्रच, असे काही जण म्हणतात. तेही खरे नाही. लिसा खरोखरच त्या उंचीवर उभ्या राहिल्या होत्या, आणि नृत्याचे शिक्षण घेतलेल्या त्या देहाचा तोल चित्रात स्पष्ट दिसतो.

बर्लिनमध्ये १८९७ साली जन्मलेल्या, ॲम्स्टरडॅममध्ये चामडी वस्तूंचे दुकान चालवता चालवता छायाचित्रणाकडे वळलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील छावण्यांत डांबल्या गेलेल्या ब्लूमेनफेल्ड या ज्यू कलावंताचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाणे मला फार खटकते. मजकूर पुढे पाठवलेल्यांनी कृपया नाव दुरुस्त करावे.