फोन कंपनीचा, रविवार कुणाचा?

माझा मावसभाऊ नागपूरला एका कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. बुटीबोरीपासून कामठीपर्यंतची दुकानं त्याच्याकडे. कंपनीने यंदा सगळ्यांना नवे फोन दिले. त्यात प्ले स्टोअर बंद, यूट्यूब बंद आणि लोकेशन चोवीस तास चालू. एका रविवारी तो बायकामुलांना घेऊन रामटेकला गेला, तर सोमवारी साहेबांनी विचारलं, "काल तिकडे काय काम होतं?" तेव्हापासून घरात वाद पेटलाय. मामा म्हणतात, "फोन कंपनीचा आहे न बाप्पा, मंग नियमबी कंपनीचेच रायतीन न!" धाकट्यांना वाटतं, जर्मनीत असं काही चालत नसणार.

चालतं की. मी हॅनोव्हरला राहतो आणि माझा ऑफिसचा फोन त्याच्यापेक्षा जास्त जखडलेला आहे. याच शहरात मुख्यालय असलेल्या काँटिनेंटल या टायर कंपनीने २०१८ साली कामाच्या फोनवर व्हॉट्सॲपच बंद केलं. ते ॲप फोनमधले सगळे नंबर वाचतं आणि त्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं. मला हे पटतं. ग्राहकांचे नंबर, दर, उधारीचे हिशोब ज्या फोनमध्ये आहेत, तो हरवला तर दुरून पुसता यायलाच हवा. इथवर मामांचं बरोबर आहे.

पण इथे नियम एकटा मालक ठरवत नाही. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवणारी कुठलीही यंत्रणा आणायची, तर कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीशी आधी करार करावा लागतो. अशी समिती प्रत्येक कंपनीत नसते, तिथे माणूस इथेही एकटाच पडतो. जिथे असते, तिथे मात्र निर्बंध मालकालाही लागू होतात. फोक्सवॅगनमध्ये २०११ साली अशाच करारातून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने कामाच्या फोनवरचे ईमेल बंद व्हायला लागले, ते दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी सुरू व्हायचे. फोन कंपनीचाच होता, पण संध्याकाळ कामगाराची राहिली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला त्याची संमती लागत नाही, अशी वाट ठेवली आहे. मला ही तरतूद फार सैल वाटते. रामटेकचा रविवार नोकरीच्या कुठल्या कारणात बसतो?

आणि आपल्या लोकांना हे कळत नाही असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन अडकायचे, तापायचे, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. त्यांच्या हाती फोन देण्याआधी कुणी त्यांना विचारलं असतं, तर ही वेळ आली नसती.

मावसभावाला मी सांगितलं, ॲप बंद ठेवण्याविरुद्ध भांडू नकोस. फोनमधून काय काय बघितलं जातं, कोण बघतं आणि किती दिवस साठवतात, हे मराठीत लेखी माग. हजेरी लावली की लोकेशन सुरू आणि ड्युटी संपली की बंद, अशी सोय फील्डवरच्या माणसांसाठीच्या अनेक ॲपमध्ये असते; ती चालू करायला सांग. आणि साहेबांच्या केबिनमध्ये एकटा जाऊ नकोस, सगळ्या टीमला घेऊन जा.